जीपचे प्लग आणि वायरी बदलताना

मुलांनो, आपल्या वर्गाच्या मागच्या पार्किंगमध्ये दर रविवारी एक हिरवी, चिखलाने माखलेली, कापडी टपाची जीप उभी असते. ती आमची. रँग्लर, १९९८ सालचे मॉडेल, म्हणजे तुमच्यापैकी कोणाहीपेक्षा वयाने मोठी. "काका, ही अजून चालते?" असे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतेच. चालते. पण गेल्या जुलैमध्ये ती चालेनाशी झाली होती, आणि तीही अगदी नको त्या जागी. त्याचीच ही हकिकत, आणि त्या निमित्ताने थोडी इंजिनाची माहिती.

आपल्या कोलोरॅडोत यूरे नावाचे एक छोटे गाव आहे. तिथून डोंगरापलीकडच्या टेल्युराइडला जाणारा एक जुना, खाणीच्या काळातला दगडगोट्यांचा रस्ता आहे. मध्ये इमोजिन नावाची खिंड लागते, उंची १३,११४ फूट. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त! आम्ही चौघे निघालो होतो. वाटेत एक ओढा लागतो, तो पार केला, मुलांनी पाणी उडाल्यावर आरडाओरडा केला, आणि पुढच्या चढावर जीपने एकदम मान टाकली. पाय दाबावा तर गाडी हिसके देई. डावीकडे कडा, उजवीकडे दरी, आणि आभाळ भरून आलेले.

मी म्हटले, "उंचीमुळे आहे. हवा विरळ असते ना." हे अगदीच खोटे नव्हते. तेवढ्या उंचीवर इंजिनाची ताकद सुमारे एक तृतीयांशाने कमी होतेच. पण मागच्या सीटवरून माझी मुलगी म्हणाली, "बाबा, इंजिनाचा ठेका चुकतोय. एक मात्रा खाली जातेय." ती तीन वर्षे तबला शिकते आहे. मी कान दिला, तर खरेच, घर्र घर्र करताना दर फेरीत एक ठिकाणी पोकळी होती. समोरचा इंजिनाचा पिवळा दिवाही उघडझाप करू लागला होता. हा दिवा नुसता लागला तर "कधीतरी बघून घ्या" असा अर्थ, पण तो उघडझाप करू लागला तर "आत्ता थांबा" असा अर्थ, हे मोठ्यांनीही लक्षात ठेवावे. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते, आणि तो महागडा भाग तापून निकामी होतो.

सौ. शांतपणे म्हणाली, "मागे फिरू या." फिरायला जागा कुठे होती? शंभरेक यार्ड रिव्हर्समध्ये उतरलो, तेव्हा एक रुंद जागा मिळाली. तेवढ्या वेळात गाडीत कोणी एक अक्षर बोलले नाही. अर्धा तास थांबलो, आणि काय आश्चर्य, गाडी परत नीट चालू लागली. तसेच खाली आलो.

आता तुम्हाला सांगतो, ती चुकलेली मात्रा म्हणजे काय.

पेट्रोलच्या इंजिनात सिलिंडर असतात, म्हणजे लोखंडी नळकांडी. प्रत्येकात एक दट्ट्या खालीवर होतो. त्याची कामे चार: ओढ, दाब, भडका, फेक. खाली जाताना तो हवा आणि पेट्रोल ओढतो, वर येताना ते दाबतो, मग ठिणगी पडून भडका उडतो आणि दट्ट्या जोरात खाली ढकलला जातो, आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर फेकला जातो. चारपैकी ताकद मिळते ती एकाच कामातून. ती ठिणगी पाडतो तो स्पार्क प्लग. आमच्या जीपला सहा सिलिंडर आहेत, पुढून मागे एका रांगेत, म्हणून सहा प्लग. सहाही एकदम पेटत नाहीत, तसे झाले तर गाडी उड्या मारील. ते ठरावीक क्रमाने पेटतात: १, ५, ३, ६, २, ४. सहा मात्रांचा दादराच म्हणा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला एकूण १५० ठिणग्या पडतात. (हे गणित तुम्ही करून पहा. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, एवढे लक्षात ठेवा.)

ठिणगी म्हणजे विजेने हवेतून मारलेली उडी. प्लगच्या टोकाला दोन धातूची टोके असतात, त्यांच्यात आमच्या इंजिनासाठी ०.०३५ इंच, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर फट ठेवतात. एवढीशी फट! पण दाबलेल्या हवेतून ती ओलांडायला बॅटरीचे १२ व्होल्ट कुठे पुरणार? म्हणून मध्ये कॉईल असते. तिच्यात तारेचे थोडे वेढे आणि त्यावर हजारो वेढे असतात. थोड्या वेढ्यांतला प्रवाह एकदम तोडला की दुसऱ्या बाजूला वीस हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब तयार होतो. हा दाब डिस्ट्रिब्युटर नावाच्या डब्यात येतो. तिथे रोटर नावाचा एक हात गोल फिरत असतो आणि पंगतीत वाढप्याने वाढत जावे तसा एकेका वायरीला वीज वाढत जातो. वायरीतून ती प्लगला जाते. म्हणजे कॉईल, रोटर, वायर, प्लग. या साखळीत कुठेही गळती झाली की ठिणगी पडत नाही, आणि एक मात्रा रिकामी जाते. आपल्याकडचे मेकॅनिक म्हणतात ना, "गाडी मिसिंग मारते", ते हेच.

घरी आल्यावर गाडी गॅरेजला दाखवली. त्यांनी कोरड्या हवेत एक चक्कर मारली, काही सापडले नाही, आणि "इंजिनाचा कॉम्प्युटर बदलून पाहू" म्हणून जो आकडा सांगितला तो ऐकून मी गाडी परत घेऊन आलो. मी स्वतः पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि चूक कुठे आहे हे शोधण्याआधी आख्खे मशीन बदलू या असे कोणी म्हटले की माझा विश्वास उडतो.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून माझे वडील आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांनी तीस वर्षे एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली. त्यांना ऑगस्टमध्ये ती खिंड दाखवायची असे आमचे कधीचे ठरले होते, आणि मला तर आता त्या रस्त्यावर पुन्हा मुलांना घेऊन जायचेही धाडस होत नव्हते. अण्णांनी जीपचे बॉनेट उघडले आणि हसले.

"आमच्या एसटीला असले काही नव्हतेच. डिझेल. प्लग नाही, वायर नाही."

"मग पेटायचं कसं आजोबा?" मुलीने विचारले.

"अगं, नुसती दाबून. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हायची वेळ येते, मग त्यात डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. सायकलला हवा भरताना पंप गरम लागतो की नाही?"

हे खरे आहे. गावाकडे तुम्ही ज्या जीपगाड्या पाहता त्या बहुतेक डिझेलच्या, त्यामुळे त्यांनाही हे प्लग नाहीत. पण घरी अण्णांची स्कूटर होती, आणि तिचा प्लग हा आमच्या घरात दर महिन्याचा विषय असे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे, त्याची काजळी प्लगवर धरायची. मग प्लग पान्याने काढा, पॉलिश पेपरने घासा, फुंकर मारा, परत लावा. स्कूटरच्या डिकीत एक जादा प्लग कापडात गुंडाळून असायचाच. मी आठ-नऊ वर्षांचा असताना शिकलेले हे पहिले यांत्रिक काम.

आता तपास. कोड वाचणारे यंत्र लावले तेव्हा पी०३०३ असे आले होते. शेवटचा ३ म्हणजे तीन नंबरचे सिलिंडर. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या मोटारींना हे कोड सारखेच असतात, यंत्र फार महाग नाही, पालकांनी जरूर घ्यावे. मी तीन नंबरची वायर काढून मीटरवर तपासली. या वायरींच्या आत तांबे नसून बहुधा कार्बनचा धागा असतो, मुद्दाम रोध ठेवलेला, नाहीतर रेडिओत खरखर येते. आमच्या गाडीच्या पुस्तकात फुटाला ३,००० ते १२,००० ओम असा हिशेब दिला आहे. माझी वायर त्यात बरोबर बसली. मी जाहीर केले, "वायर चांगली आहे."

अण्णा म्हणाले, "अरे, तू आतली तार तपासलीस. वरचं रबर कोण तपासणार? गाडी पाण्यात गेल्यावर बिघडली आणि वाळल्यावर सुधारली ना? मग रात्री बघ."

मी गप्प झालो. माझी पदवी इंजिनिअरिंगची आहे, पण हे मला सुचले नव्हते.

रात्री जेवणानंतर गाडी ड्राइव्हवेवर आणली. (बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.) अंगणातला दिवा बंद केला, बॉनेट उघडून इंजिन चालू केले, आणि झाडांना पाणी मारायच्या फवाऱ्याने लांबूनच वायरींवर अगदी थोडे तुषार मारले. आणि दिसले! तीन नंबरच्या वायरीतून निळी बारीक वीज टिक टिक करत शेजारच्या पत्र्यावर उडत होती. मुले "दिवाळी, दिवाळी" म्हणून नाचू लागली. वायर तिच्या क्लिपमधून निसटली होती, खडकाळ रस्त्यांवर वर्षानुवर्षे पत्र्याला घासून रबर चिरले होते. कोरड्या हवेत वीज कशीबशी आतून जाई, पाणी लागले की तिला बाहेरची सोपी वाट मिळे. मग प्लगपर्यंत काय पोचणार? डोंगरात वापरायच्या गाड्यांचे हे नेहमीचे दुखणे आहे. शहरात फिरणाऱ्या गाडीला ना एवढे हादरे, ना एवढे पाणी.

मुलांनो, हा प्रयोग मोठ्या माणसाशिवाय करायचा नाही, आणि चालू इंजिनात हात घालायचा नाही, मोठ्यांनीसुद्धा. फिरणारा पंखा आणि पट्टा अंधारात दिसत नाही. घरात कोणा आजीआजोबांना पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांनी लांब राहावे.

पुस्तकाप्रमाणे प्लग ३०,००० मैलांना आणि वायरी ६०,००० मैलांना बदलायच्या असतात. गाडी मी जुनी घेतलेली, आधीच्या मालकाने काय केले देव जाणे. म्हणून सहा प्लग, वायरींचा आख्खा संच, डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि रोटर असे सगळेच आणले. शनिवार सकाळ ठरली.

इंजिन गार हवे, कारण गरम असताना आटे घट्ट धरतात आणि हातही भाजतो. बॅटरीची ऋण तार काढली. त्यानंतरची गोष्ट ट्रेलवरच्या गाडीसाठी सर्वांत महत्त्वाची: प्लगच्या भोवतीची माती आधी उडवायची. आमच्या प्लगच्या खाचांत युटातली लाल वाळूसुद्धा निघाली. प्लग काढल्यावर ती भोकातून सिलिंडरमध्ये पडली तर दट्ट्या आणि भिंती खरवडून निघतील. आमच्याकडे कॉम्प्रेसर नाही, धाकट्याने सायकलच्या पंपाने फुस फुस करून सहाही जागा साफ केल्या आणि दिवसभर त्याची फुशारकी मारली.

वायर काढताना तारेला धरून ओढायचे नाही, टोकाची रबरी टोपी थोडी पिळून ती धरून ओढायची. प्लगसाठी ५/८ इंची गोटी लागते, आत रबर असलेली, म्हणजे प्लगची पांढरी चिनी माती तडकत नाही. या इंजिनात प्लग उजव्या अंगाला, हाताशी असतात, धुराची नळी पलीकडच्या बाजूला. त्यामुळे काम सोपे. फक्त सहा नंबर मागच्या भिंतीजवळ आहे, तिथे रॅचेटला लांब दांडी जोडावी लागली. प्लग अडला तर जोर करू नये. गंज सोडवणारे तेल सोडून थांबावे, मग थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा सैल असा काढावा.

काढलेले प्लग आम्ही वर्तमानपत्रावर नंबर घालून ओळीने मांडले. प्लग म्हणजे डॉक्टरला दाखवायची जीभच. फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. काळे आणि तेलकट म्हणजे आत ऑइल जळते आहे. पांढरेफटक, फोड आलेले म्हणजे इंजिन जास्त तापते आहे. आमचे चार तपकिरी होते. तीन नंबर काळा आणि पेट्रोलच्या वासाचा, बिचाऱ्याला ठिणगीच मिळत नव्हती. सहा नंबर किंचित तेलकट निघाला. अण्णांनी तो नाकाशी नेला आणि म्हणाले, "याचं पुढच्या वर्षी बघू." म्हणजे तो खर्च वेगळा. सगळ्यांची फट झिजून वाढलेली होती, आणि फट वाढली की उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात, मग वीज चिरलेल्या रबरातून पळ काढणारच.

नवे प्लग खोक्यातून काढून तसेच लावू नयेत, फिलर गेजने फट मोजावी. दोन प्लगांची फट कमी होती, ती बाजूचे टोक हलकेच वाकवून ठीक केली. मधल्या टोकाला धक्का लावायचा नाही. प्लग बसवण्याची एक युक्ती अण्णांची: प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा वीतभर तुकडा खोचायचा आणि नळी बोटांनी फिरवायची. आटे सरळ बसत असतील तर प्लग आपोआप आत जातो, तिरके लागले तर नळी नुसतीच घसरते, आटे खराब होत नाहीत. मुलीने सहाही प्लग असेच लावले. शेवटी टॉर्क पान्याने २७ फूट-पौंड. आट्यांना मी काही लावले नाही. आटे घसरडे केले की तोच आकडा दाखवताना प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. वायरीच्या रबरी टोपीत आतून मात्र थोडे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावले, पाणी आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी टोपी सहज निघते.

आणि आता माझा पराक्रम. वायरी बदलताना अण्णांनी सांगितले होते, "एकावेळी एकच. जुनी काढ, तिच्याच लांबीची नवी लाव, मग दुसरी." जेवून ते वामकुक्षीला गेले. मी म्हटले, क्रम तर पाठ आहे, आणि टोपीही बदलायची आहे, सगळ्या एकदम काढू. काढल्या. टोपी बदलली, आत टोकांवर पांढरा-हिरवा गंज होता, बदलली ते बरेच झाले. रोटर बदलला. वायरी लावल्या. किल्ली फिरवली, आणि पुढून एक फाट, मागून एक फाट! शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकू लागला, अण्णा उठून बाहेर आले. काही बोलले नाहीत. खुर्ची घेऊन बसले.

मुलगी म्हणाली, "बाबा, मी बोल म्हणते, तुम्ही बोट ठेवा." या इंजिनाचा रोटर वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. एक नंबरच्या वायरीवर बोट ठेवले आणि त्याच दिशेने एकेक वायर प्लगपर्यंत हाताने चाचपत गेलो. एक, पाच, दोन... "थांबा! तीन पाहिजे." दोन आणि तीनची अदलाबदल झाली होती. म्हणून तर दोन आवाज आले. दोन नंबरला ठिणगी मिळत होती तेव्हा त्याचा दट्ट्या अजून हवा ओढत होता, आत येणारी वाट उघडी, म्हणून भडका पुढून. तीन नंबरला ठिणगी मिळत होती तेव्हा तो न जळलेले पेट्रोल बाहेर फेकत होता, म्हणून भडका मागून. माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळींची अदलाबदल झाली तर निदान असा आवाज होत नाही.

वायरी बदलून घातल्या, प्रत्येक वायर आपापल्या क्लिपमध्ये बसवली, एकमेकींना आणि पत्र्याला न टेकेल अशी. इंजिन चालू केले. मुलगी डोळे मिटून मांडीवर दादरा वाजवत राहिली, मग मान हलवली. रात्री पुन्हा दिवे बंद करून फवारा मारला. काळोखच काळोख. मुले जरा नाराज झाली.

खर्च म्हणाल तर सगळे सामान दीडशे डॉलरच्या आत आले आणि एक शनिवार गेला. तुमच्या घरच्या नव्या गाडीत मात्र हे सगळे शोधायला जाऊ नका. आमच्याच इंजिनालाही २००० सालापासून डिस्ट्रिब्युटर आणि वायरी नाहीशा होऊन प्लगच्या डोक्यावरच कॉईल बसू लागल्या, आणि ते इंजिनही २००६ नंतर रँग्लरमध्ये आले नाही. नव्या गाड्यांचे इरिडियमचे प्लग अनेकदा लाख मैल चालतात. विजेच्या गाडीला तर प्लग ठाऊकच नाही. अण्णा म्हणतात, "एसटीसारखंच की!"

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा यूरेला गेलो. ओढ्याच्या अलीकडे मी गाडी थांबवली. अण्णा पुढच्या सीटवर होते. त्यांनी नुसता हात पुढे केला, चल म्हणून. पाणी चाकांच्या वर उडाले, चढ आला, आणि कोणी बोलत नव्हते कारण सगळे ऐकत होते. साडेबाराच्या सुमारास आम्ही खिंडीत पोचलो. वारा इतका होता की अण्णांची टोपी मुलाने धरून ठेवली. त्यांनी डब्यातली दशमी तिथेच खाल्ली.

जुने सहाही प्लग मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात नंबर घालून ठेवले आहेत, आणि ती चिरलेली वायरही. पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर घेऊन येतो. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी जीपपाशी यावे, हात काळे होतील असे कपडे घालून.